परीक्षा केंद्राच्या दारात



अंबरनाथ म्हटले की मुरबाड-कर्जतकडच्या माणसाला प्राचीन शिवमंदिर आठवते. महाशिवरात्रीच्या जत्रेला वडिलांच्या खांद्यावर बसून आलेले तुमच्यात पुष्कळ असतील. हे मंदिर स्टेशनच्या पूर्वेला. त्यामुळे गाडीतून उतरले की पाय आपोआप पूर्वेकडेच वळतात.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी असाच पूर्वेला उतरला. मुरबाडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. पहाटेची एस.टी. धरून कल्याणला आला आणि तेथून लोकलने अंबरनाथला. प्रवेशपत्रावर पत्ता होता ‘अंबरनाथ पश्चिम’. घाईत त्याने ‘अंबरनाथ’ एवढेच वाचले. पूर्वेला रिक्षा केली, शोधाशोध केली, पुन्हा स्टेशनचा पूल चढून पश्चिमेला आला. धापा टाकीत केंद्रावर पोहोचला तेव्हा फाटक लागून सात मिनिटे झाली होती. रखवालदार भला माणूस होता, पण त्याच्या हाती काही नव्हते.

त्या मुलाचे वर्ष गेले. अभ्यास कच्चा होता म्हणून नव्हे, एक शब्द वाचावयाचा राहिला म्हणून. मी मराठीचा प्राध्यापक. शब्द नीट वाचावा, हे शिकविणे तर माझेच काम! पण दोन वर्षांत केंद्रावर जायचे कसे, हे मी त्याला एकदाही सांगितले नव्हते. ते आज तुम्हांला सांगतो.

बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी अशा शिक्षणक्रमांसाठी आपल्या राज्यात एमएचटी-सीईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा होते. २०१८ पर्यंत ती कागदावर होती. गोल काळे करावे लागत. २०१९ पासून ती संगणकावर होते. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ ही देशपातळीवरची परीक्षा असते. परीक्षा कोणतीही असो, केंद्राच्या दारात घडते ते थोड्याफार फरकाने सारखेच.

पहिली गोष्ट प्रवेशपत्राची. ते हाती येताच मोठ्याने वाचा. घरातल्या आणखी एकाला वाचावयास द्या. केंद्राचे नाव, पूर्व की पश्चिम, तारीख, सकाळचे सत्र की दुपारचे, आणि फाटक बंद होण्याची वेळ. पेपर सुरू होण्याची वेळ वेगळी आणि फाटक बंद होण्याची वेगळी, हे विसरू नका. जमल्यास एक दिवस आधी येऊन केंद्र पाहून जा. परीक्षा रविवारी असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक आहे का, याची आदल्या दिवशी चौकशी करा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. छापलेले प्रवेशपत्र आणि फोटो असलेले मूळ ओळखपत्र बरोबर हवे. मोबाईलमधला फोटो दाखवून भागेल, या भरवशावर राहू नका. दोन्हींवरचे नाव सारखे आहे ना, हे अर्ज भरतानाच पाहा. एकीकडे वडिलांचे नाव आहे, दुसरीकडे नाही, किंवा आडनावाचे स्पेलिंग वेगळे, असे आपल्याकडे सर्रास असते. ते दारात दुरुस्त होत नाही.

दारात तुमची झडती होईल. त्यात अपमान मानू नका. ती सर्वांचीच होते. मोबाईल, घड्याळ, गणकयंत्र आत नेता येत नाही. ‘नीट’ला तर बूटसुद्धा चालत नाहीत, साध्या चपला घालाव्या लागतात. म्हणून मोबाईल घरच्या माणसाकडे द्या. एकटे आला असाल तर तो कुठे ठेवावयाचा, याचा विचार आधीच करा.

आत गेल्यावर तुमच्या क्रमांकाचा संगणक दाखवतील. कच्च्या कामासाठी कागद देतात. तो परत करावयाचा असतो. पडद्यावर तुमचे नाव आणि फोटो दिसेल. तो तुमचाच आहे याची खात्री करा. नसेल तर लगेच हात वर करा. संगणक मध्येच अडला, माऊस चालेना, तरी हेच. संकोचाने गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत. विचारणे हा गुन्हा नव्हे.

एमएचटी-सीईटीत गणिताच्या गटाला पहिली ९० मिनिटे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. मग तो भाग बंद होतो आणि पुढची ९० मिनिटे गणित, ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. बंद झालेल्या भागाकडे परत जाता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. ‘नीट’ मात्र वेगळी. तेथे बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण जातो; तेथे अंदाजपंचे खुणा करणे महागात पडते. नियम बदलू शकतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचाच.

उत्तर निवडले म्हणजे झाले, असे समजू नका. ‘सेव्ह’चे बटण दाबून ते जतन करावे लागते. कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे सुरुवातीच्या सूचनांत असते. त्या सूचना वाचण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

भाषेचेही ध्यानात घ्या. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतून घेता येतात. गणिताचे मात्र इंग्रजीतच असतात. भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते.

परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचे प्रश्न वेगळे. म्हणून निकाल पर्सेंटाईलमध्ये देतात. ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. तुमच्या सत्रातल्या दर शंभरांपैकी नव्वदांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, असा त्याचा अर्थ. तेव्हा ‘माझाच पेपर कठीण होता’ म्हणून रडत बसू नका; तो तुमच्या सत्रातल्या सर्वांनाच कठीण होता.

शिक्षक मित्रहो, आता आपल्याविषयी. गावातल्या मुलांच्या हाती मोबाईल आला, पण माऊस अजून पुष्कळांनी धरलेला नाही. सरावाला संगणकापुढे बसवले की मुलगी पडद्यावरच बोट लावते. बाकीची हसतात आणि ती बिचारी कावरीबावरी होते. ते हसू आपल्या शाळेत झाले तर बिघडत नाही. केंद्रावर ते तिला फार महाग पडेल. शाळेत एकच संगणक असेल तरी चालेल. प्रत्येक मुलाला अर्धा तास माऊस धरू द्या, वेळ लावून पंचवीस प्रश्न सोडवू द्या. आणि प्रवेशपत्रे आली की वर्गात एकेकाला उभे करून पत्ता मोठ्याने वाचून घ्या. मी आता दरवर्षी हे करतो. मुले हसतात. हसू देत.

पालकहो, मूल बाहेर आले की ‘कसा गेला पेपर?’ असे लगेच विचारू नका. आधी पाणी द्या, सावलीत बसवा. पोटात काही गेले की ते आपणहून सांगेल.

तो माझा विद्यार्थी पुढच्या वर्षी पुन्हा बसला. केंद्र पुन्हा अंबरनाथ पश्चिमच आले. आदल्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो, पूल उतरून फाटकापर्यंत चालत. फाटक बंद होते. तो म्हणाला, “सर, उद्या ते उघडं असताना मी इथं असेन.” आणि तो होता.