उसाची गाडी आणि तिचा तोल



वसंत व्याख्यानमालेत आपण संतांविषयी ऐकता, इतिहासाविषयी ऐकता. त्याच व्यासपीठावर उभे राहून मी उसाची गाडी कशी भरावी हे सांगणार, याचे कोणाला हसू आले तर नवल नाही. पण ऊसतोडणीच्या दिवसांत न्हावरे-चौफुला रस्त्याने किंवा पाटसच्या बाजूने ज्याला रात्री दुचाकीवरून घरी परतावे लागते, त्याला हसू येणार नाही. समोर अंधारात उसाचा डोंगर डुलत चाललेला असतो. तो कोठे कलंडेल हे रस्त्यावर ठरत नाही. ते आधीच, फडात गाडी भरताना, ठरून गेलेले असते. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

घोड आणि भीमा ह्या नद्यांच्या काठी, कालव्यांच्या पाण्यावर, ऊस वाढला. न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा हे सहकारी कारखाने उभे राहिले. ऊस फडातून काट्यावर न्यावयाचा, म्हणजे तो कशाच्या तरी मागे जोडून ओढावयाचा. पूर्वी तो बैलांच्या मागे होता. आता बराचसा ट्रॅक्टरच्या मागे आहे. ह्या बदलात आपण एक शहाणपण वाटेत सांडले, असे माझे म्हणणे आहे.

बैलगाडी दोन चाकांची. सारा भार एका आखावर. म्हणजे ती एक तराजूच. पुढे जास्त भरले तर गाडी धुरेवर जड होते, मागे जास्त भरले तर ती उलाळते. हे शब्द आमच्या गाडीवानांनी कोणत्याही पुस्तकातून घेतलेले नाहीत. आपण थोडा हिशेब मांडू. समजा, गाडीत दोन हजार किलो ऊस आहे आणि आखापासून जू दहा फूट पुढे आहे. सगळ्या उसाचा मध्य आखाच्या पुढे अवघा अर्धा फूट सरकला, तर बैलांच्या मानेवर शंभर किलोंचा भार येतो. तोच मध्य अर्धा फूट मागे गेला, तर तेवढ्याच जोराने जू वर उचलले जाते आणि जोते बैलाच्या गळ्याला फास लावते. अर्ध्या फुटाचा फरक, पण जनावराच्या दृष्टीने तो जिवावरचा! म्हणून जाणता गाडीवान मोळ्या रचताना जू हाताने उचलून पाही, भार थोडासा पुढे ठेवी, आणि चढ आला की स्वतः सरकून धुरेवर बसे. कारण चढावर उंच रचलेला भार मागे झुकतो.

येथे शिकवणारा कोण होता? बैल! तोल चुकला की तो मान टाकी, अडून बसे, त्याच्या खांद्याला सूज येई. ट्रॅक्टरचा हुक मात्र मुका आहे. त्याच्यावर भार जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. ट्रॉली मागे जड झाली तर हुक वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटते, आणि त्याचा ब्रेक तर त्या पकडीवरच अवलंबून! चालकाला हे कळते ते उतारावर, म्हणजे फार उशिरा.

परदेशांत लोक मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीला निघतात. त्यांनाही हाच प्रश्न पडला. अमेरिकेत अशा घराच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हुकावर ठेवावा असे सांगतात. इंग्लंडमध्ये पाच ते सात टक्के पुरे मानतात. आकडे वेगळे, पण नियम एकच: भार किंचित पुढे, जड वस्तू तळाशी आणि आखाजवळ, दोन्ही टोके हलकी. शेपटाकडे वजन गेले की वेग वाढताच ते घर सापासारखे वळवळू लागते. आमच्या गाडीवानाने जे हाताने ओळखले, तेच त्यांनी काट्यावर मोजले.

ज्या ट्रॉलीला पुढे आणि मागे असे दोन आख असतात, तिचा भार हुकावर फारसा येत नाही, हे खरे. पण म्हणून ती निर्धोक होत नाही. उसाचा बुडखा जाड आणि जड, शेंडा हलका; सगळे बुडखे एकाच बाजूला पडले तर गाडी त्या बाजूला कलते. थर जितका उंच, तितके वळणावर उलटणे सोपे. दोन ट्रॉल्या जोडल्या तर जड ट्रॉली ट्रॅक्टरला लागून आणि हलकी तिच्या मागे हवी. शिवाय ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर उतारावर मागचा सारा ऊस ट्रॅक्टरला ढकलतो. वेग दुप्पट केला की थांबण्यासाठी ब्रेक लावल्यावर चौपट अंतर लागते, हेही विसरून चालणार नाही.

मग इतके भरतात कशाला? कारण सरळ आहे. तोडणीची आणि वाहतुकीची मजुरी टनावर मिळते, आणि टोळीच्या डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल असते. एका खेपेत दोन टन जास्त गेले तर तेवढे कर्ज लवकर फिटते. तेव्हा नुसत्या चालकाला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्याचा ऊस आहे त्या शेतकऱ्याने फडातच पाहावे, की बुडखे आलटूनपालटून पडले आहेत, थर बेताचा आहे, हुकाची पिन अडकवलेली आहे आणि साखळी जोडलेली आहे. कारखान्याने काट्यावर केवळ वजन न पाहता गाडीची उंची, ब्रेक आणि मागचा लाल परावर्तक पाहावा. आणि चालकाने गाडी बंद पडली असता चाकाखाली लावलेला दगड निघताना रस्त्यातून उचलावा. अंधारात तो दगड मागून येणाऱ्याला दिसत नाही.

श्रोतेहो, कारभाराची धुरा सांभाळणे, असे आपण सहज म्हणतो. हा शब्दप्रयोग गाडीतून आला आहे. धुरा सांभाळणे म्हणजे नुसते पुढे बसणे नव्हे. मागे काय आणि कसे भरले आहे याची जबाबदारी घेणे. बैल होता तोवर तो आपल्याला ही आठवण करून देत असे. आता ती आपली आपणच ठेवली पाहिजे.