खानावळीतील भाकरीचा हिशेब

बीदर-कलबुर्गीकडे जेवणाच्या जागेला कानडी माणूसही ‘खानावळी’च म्हणतो. १९५६ साली हे जिल्हे हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. परंतु सीमेच्या दोन्ही अंगांस ताट ज्वारीच्या भाकरीचेच राहिले.

ही भाकरी वाढण्याच्या रीती मात्र दोन. कोठे ताटाचा दर ठरलेला असतो व भाकरी मागावी तितकी मिळते. कोठे दोन-तीन भाकरी ताटाबरोबर येतात आणि पुढची प्रत्येक मोजून, निराळ्या दराने. दुसऱ्या रीतीस कद्रूपणा म्हणण्याची घाई करू नये. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिवटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळून प्रत्येक भाकरी हाताने थापावी लागते. चुलीपुढची बाई एका वेळी एकच थापू शकते. भाकरीच्या किमतीत पिठाइतकीच तिची मजुरी असते. कडक भाकरी कित्येक दिवस टिकते म्हणून बायका ती घरी करून नगावर विकतात. तेथे मोजणी हाच त्यांच्या कष्टाचा आधार. ‘वाटेल तितकी’ म्हणणाऱ्या मालकाने त्या बाईच्या मजुरीला कात्री लावली, तर ते औदार्य कसले?

तरीही मोजणी जाचते ती तुरीच्या बाजारातील हमालाला. पोती वाहणाऱ्याचे दोन भाकरींत भागत नाही, आणि भाताने त्याचे पोट फार वेळ भरलेले राहत नाही. शरणबसवेश्वराच्या दासोहात किंवा बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाराच्या लंगरात कोणी मोजीत नाही. पण तो धर्म झाला, धंदा नव्हे. धंद्यात निदान भात न घेणाऱ्यास त्याच दरात एक भाकरी अधिक वाढावी, एवढे रास्त आहे.