स्वमग्न मुलं आणि आपली मुलं

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही. एका स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक मुलाची आई आहे. "दहा मिनिटं बोला" असं कार्यकारिणीने सुचवलं तेव्हा आधी मी नाहीच म्हणाले. घरातली गोष्ट चारचौघांत सांगायची म्हणजे धीर लागतो. पण हा विषय घरात ठेवून सुटणारा नाही.

मुलगा तिसरीत होता. एक दिवस शाळेच्या बसमधून उतरला तो उड्या मारतच. "आई, आज मला चार मित्र मिळाले!" मला इतका आनंद झाला की संध्याकाळी शिरा केला. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. त्या चौघांनी त्याला सांगितलं होतं, "सरांना जाऊन टकलू म्हण, मग आम्ही तुला खेळायला घेऊ." हा गेला आणि म्हणाला. शिक्षा त्यालाच झाली. ती मुलं मागे उभी राहून हसत होती आणि हाही त्यांच्याबरोबर हसत होता. मित्र हसले की आपणही हसायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

मंडळी, अशा मुलांना छळणं फार सोपं असतं. शब्दाचा सरळ अर्थ घेणाऱ्या मुलाला थट्टा कुठली आणि मैत्री कुठली हे कळत नाही. मोठा आवाज सहन न होणाऱ्या मुलाच्या कानाशी फुगा फोडला की ते किंचाळतं, आणि बाकीच्यांना गंमत वाटते. घरी येऊन ते सांगतही नाही, कारण काय घडलं हे मांडायला त्याच्याकडे शब्द नसतात. अमेरिकेत २०१२ साली हजाराहून अधिक पालकांची पाहणी झाली. त्यात ६३ टक्के स्वमग्न मुलांना कधी ना कधी असा छळ सोसावा लागल्याचं दिसलं.

'स्वमग्न' या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्यातच रमलेला, याला मित्र नकोच असणार. तसं नाही हो. त्याला मित्र हवे असतात, ते करायचे कसे हे उमगत नाही.

आपण राहतो त्या देशाचं या विषयाशी जवळचं नातं आहे. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन संयुक्त राष्ट्रांनी ठरवला तो कतारने मांडलेल्या ठरावामुळे, १८ डिसेंबर २००७ रोजी. आपण इथे राष्ट्रीय दिन साजरा करतो तीच ही तारीख! कतारमध्येच झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार इथल्या शाळकरी वयाच्या दर ८७ मुलांमागे एक मूल ऑटिस्टिक आहे. आता आपल्या बालमेळाव्याला किती मुलं येतात, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

मग ही मुलं दिसत का नाहीत? कारण आम्ही पालक लपवतो. शाळेत प्रवेश मिळेल का, कंपाउंडमधले लोक काय म्हणतील, ही भीती असते. इथे आजी-आजोबा नाहीत, मामा-काका नाहीत. सुट्टीत गावी गेलं की चुलत-मावस भावंडं सांभाळून घेतात. दोह्याला परतलं की पोर पुन्हा एकटं. काही घरांत तर आई मुलाला घेऊन पुण्या-मुंबईला जाते आणि बाबा इथे एकटे राहतात.

उपाय काय? कॅनडात शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून एक अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. बघ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! तेवढ्यात शिक्षक तिथे पोचतसुद्धा नाहीत.

पुढच्या वर्षी बसमध्ये एक मुलगी माझ्या मुलाशेजारी बसू लागली. कोणी त्याला काही भरवून दिलं की ती एवढंच म्हणायची, "ते खोटं सांगतायत, ऐकू नकोस." महिन्याभरात तो प्रकार बंद पडला. तिला विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?" म्हणाली, "काकू, माझा काका असाच आहे."

म्हणून तुमच्याकडे तीन मागणी आहेत. एक, आज घरी गेल्यावर मुलांशी बोला. "त्याची दया कर" असं नको. "त्याला खेळायला घे आणि फसवू नकोस" एवढंच सांगा. दोन, वाढदिवसाला अशा मुलालाही बोलवा. तो अर्ध्यातून उठून गेला तर वाईट वाटून घेऊ नका. तीन, २०२२ च्या विश्वचषकात इथल्या काही स्टेडियममध्ये अशा मुलांसाठी शांत खोल्या होत्या. आपल्या गणेशोत्सवात ढोल-ताशाच्या वेळी एक खोली तशी ठेवता येईल. तिला खर्च नाही. खर्च आहे तो थेरपीचा, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी आजचा निधी आहे. सढळ हाताने द्या.

माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. "भाषणात तुझी गोष्ट सांगू का?" असं त्याला विचारलं. म्हणाला, "सांग. पण त्या चौघांची नावं सांगू नकोस, त्यांना ओरडा बसेल."

म्हणून सांगत नाही.