वरच्या वावरातलं पाणी

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात केलेल्या सेवेतून)

आपल्या दिंडीला १०० वर्षं झाली. मी अकोटाकडचा कास्तकार, चौथी शिकलेला. आज पाण्याचं सांगतो, कारण त्यात माझाच एक अपराध आहे.

वीस-बावीस वर्षं झाली. पऱ्हाटीवर फवारा मारला आणि पंप नाल्यात धुतला. उरलेलं औषधही तिथंच ओतलं. सकाळी खालच्या डबक्यात मासे उताणे पडले होते. शेजाऱ्याची बकरी तिथं पाणी पेली आणि मेली. तो म्हणे नशीब. मी गप्प बसलो. नाथबाबांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, हे मी कीर्तनात रंगवून सांगत होतो, अन् माझ्या नाल्याचं पाणी पिऊन बकरी मेली होती!

पुढं वारीच्या एका मुक्कामी मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "माही बकरी तं गेली भाऊ. पण खालची माणसंबी तेच पानी पेतात, त्याचं काय करतं?"

हा सवाल आपल्या सगळ्यांचा आहे. आपलं शिवार सातपुड्याच्या पायथ्याचं. पाऊस पडला की पाणी वावरातून नाल्यात, नाल्यातून शहानुरात, तिथून पूर्णेत जातं. पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते. तिथं जवळच मुक्ताईचं ठिकाण आहे. आपण इथं जे धुतो, ते मुक्ताईच्या वाटेला लागतं.

कारखान्याचा पाइप असता तर बोट दाखवलं असतं. इथं पाइप नाही. कोणाचा युरिया, कोणाचं औषध, कोणाच्या उकिरड्याचा पाझर, कोणाची उघड्यावरची घाण, अन् सगळ्यांची माती. थोडं थोडं सगळ्यांचं, म्हणून कोणालाच आपलं वाटत नाही. खतातलं नायट्रेट मुरून विहिरीतही उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं सरकारी माप आहे. फार वाढलं तर वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराचं अंग निळं पडतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, हे मायमाऊल्यांनो, ध्यानात ठेवा.

मग करावं काय? एकट्यानं भागत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्या नाल्याचा एक विचार करावा लागतो. पेरणी उताराला आडवी करा. धुऱ्यावर गवत राहू द्या, ते माती अडवतं. नाल्याच्या काठची दहा हात पट्टी पेरू नका, तिथं फवारा नको. आभाळ भरून आलं असताना युरिया फेकू नका. दोन-तीन हप्त्यांत द्या आणि मातीत झाका. पंप वावरातच धुवा, धुवण पिकावरच फवारा. उकिरडा विहिरीपासून दूर, त्याला बांध घाला. सांडपाण्याला शोषखड्डा करा.

वरचा म्हणेल, खर्च माझा अन् शुद्ध पाणी खालच्याला, मी कशाला करू? बाप्पा हो, पंगतीत पहिला बसणारा पातेलं नासवत नाही. मागं माणसं बसायची आहेत, हे त्याला ठाऊक असतं. शिवाय माती त्याच्याच वावरात राहते, खताचा पैसा वाहून जात नाही. तरी वरच्याचं वावर लहान असेल, तर बांधाच्या कामाला खालच्यांनी हात लावावा.

म्हणून माझं मागणं असं. औंदा दिंडी निघायच्या आधी, एका एकादशीला, वरच्या वावरवाल्यांनी आणि खालच्यांनी मिळून नाला पायी चालावा. सरपंच अन् कृषी खात्याच्या माणसाला संगं घ्यावं. कुठं माती तुटते, कुठं उकिरडा आहे, ते वहीत लिहावं. कोण काय करील अन् कधी, तेही त्याच वहीत. पावसाळ्याच्या आधी अन् नंतर विहिरीचं पाणी तपासावं आणि आकडा देवळाच्या भिंतीवर लिहावा. म्हणजे काम झालं की नाही, ते सगळ्यांना दिसेल.

गाडगेबाबा शेंडगावचे, आपल्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातले. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. मी उलटं केलं. रात्री कीर्तन केलं आणि दिवसा नाला नासवला. आता माझं वावर वरच्या अंगाला आहे, तर वहीत पहिलं नाव माझं लिहा.

रामकृष्ण हरी!