आयर्विनचे फूट आणि आपली पायरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पावसाळा लागला की आपल्या सांगलीत शेजारीण भेटल्याबरोबर "आयर्विनला किती फूट?" हेच आधी विचारते. पुलाजवळ ४० फूट झाले की इशारा आणि ४५ झाले की धोका, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण त्या वेळी पाणी माझ्या दारात असेल की चार गल्ल्या पलीकडे, हे काही ती पट्टी सांगत नाही. ते आपले आपण मोजावे लागते.

२००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तरी आमच्या उंबऱ्याखाली हातभर राहिले. मामंजींनी भिंतीवर खिळ्याने रेघ ओढून ठेवली. त्या रेघेनेच आमचा घात केला म्हणा ना! ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी रेघेच्या खाली आहे तोवर हलायचे नाही, असे म्हणून सारी गल्ली बसून राहिली. पाणी गेले ५७ फुटांच्या वर. मध्यरात्री सासूबाईंना खुर्चीत बसवून वरच्या बिऱ्हाडात नेले, तेव्हा आमच्या घरात मांडीएवढे पाणी होते. पूर वरच्यांनाही तोच, पण त्यांच्याकडे चहा उकळत होता.

मागच्या खोलीतल्या आजी एकट्या राहतात. त्यांची आठवण आम्हाला उजाडल्यावर झाली. स्वयंपाकाच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. वाचल्या, पण "तुम्ही सगळे गेलात?" एवढेच त्यांनी विचारले. मला अजून उत्तर सुचलेले नाही.

त्या दिवाळीनंतर आम्ही चौघीजणी वही घेऊन घरोघर फिरलो. कोणाच्या पायरीला किती फुटांना पाणी लागते, खाली कोण निजते, कोणाला चालवत नाही, कोणाला दिवस गेले आहेत, रोजची औषधे कोणाची, शिडी कोणाकडे, सारे लिहिले. "तुम्ही काय तलाठी लागून गेलात?" असेही ऐकून घेतले. अडलेल्या प्रत्येक माणसापुढे त्याला उचलणाऱ्याचे नाव घातले. जुन्या रेघेच्या वर आणखी तीन हात धरले.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले. आम्ही चाळीस फुटांनाच आजींना विश्रामबागेत माझ्या बहिणीकडे पोहोचवले. त्या पिशवी भरून तयारच बसल्या होत्या.

वही माझ्याकडे आहे. मागच्या वाड्यात दोन नवी बिऱ्हाडे आली आहेत, त्यांत एक मुलगी बाळंतपणाला आलेली आहे. त्यांची पाने अजून कोरी आहेत. चहापान झाल्यावर दोघीजणी माझ्याबरोबर चला.