पाण्यावरची झोप

पाण्यावर निजायचे म्हटले की आठवतो तो शेषशायी विष्णू. ती सोय आता पैसे मोजणाऱ्या कोणालाही होते. पलंगाहून थोडी मोठी एक झाकणाची पेटी, तीत वीत-दीड वीत पाणी, आणि त्या पाण्यात शेकडो किलो एप्सम मीठ. पूर्वी दवाखान्यात जुलाबासाठी देत, तेच हे मीठ. त्याने पाणी इतके जड होते की माणूस बुडायचे म्हणाला तरी बुडत नाही. पाणी आपल्या कातडीइतकेच कोमट. त्यामुळे थोड्या वेळाने आपण कुठं संपलो आणि पाणी कुठं सुरू झालं, हेच कळेनासं होतं. दिवा नाही, आवाज नाही.

अशा हौदाचा मूळ नमुना जॉन लिली या अमेरिकन डॉक्टरांनी 1954 साली वापरला, तो विश्रांतीसाठी नव्हे. डोळे, कान, त्वचा यांना कामच दिले नाही तर मेंदू झोपतो की जागा राहतो, हे त्यांना पाहायचे होते. मेंदू जागाच राहिला!

लोणावळ्याच्या एका उपचारगृहात मीही तासभर तरंगलो. कंबरेवरचा भार गेला, हे खरे. पण मन? पहिली वीस मिनिटे मी तपासायच्या उत्तरपत्रिका मोजत होतो. मग छातीचे ठोके ऐकू येऊ लागले, आणि कधीतरी त्यांत उत्तरपत्रिका विरून गेल्या.

गंमत वाटते ती गावाची. याच लोणावळ्यात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांना क्ष-किरणांच्या व दाबमापकांच्या परीक्षेला बसवले. आता योगातले शवासन घ्या. त्याला मीठ नको, हौद नको. एक सतरंजी पुरे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. दाते यांनी रक्तदाबाच्या 47 रोग्यांना ते रोज करायला लावले. वृत्तान्त 1969 साली प्रसिद्ध झाला. पुष्कळांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. रोहिण्या कठीण झालेल्यांना मात्र विशेष गुण आला नाही. हे शेवटचं वाक्य छापलं, म्हणून आधीच्या वाक्यांवर माझा विश्वास बसतो. पेटीच्या जाहिरातीत असं वाक्य मला आढळलं नाही.

मालिशीची गोष्ट निराळी. तिला दुसरा माणूस लागतो. मला मालिश करणारे गृहस्थ पवन मावळातले, पन्नाशी उलटलेले. त्यांनी आधी चोळलंच नाही, कोमट तेलाचा तळवा नुसता पाठीवर ठेवला. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे हळूहळू खाली आणले आणि एके ठिकाणी थांबले. "हितं गाठ हाय, सर. श्वास सोडा." दिवसाला पाच-सहा पाठी त्यांच्या हाताखालून जातात, आणि आषाढात रजा काढून ते घरच्या इंद्रायणी भाताची लावणी करतात, तिथंही वाकूनच. त्या पेटीत ते कधी निजले नव्हते. ती पुसण्याचं काम तेवढं त्यांच्याकडे.

मी विचारलं, "तुमची कंबर कोण चोळतं?"

"चोळतंय कोण, सर! रात्री पालथा पडतो आन् नातीला म्हणतो, पाठ तुडव. सात वर्षांची हाय. भिंतीला धरून पाय देती आन् पाढे म्हणती. पाचाच्या पाढ्यापातुर मी जागा नसतो."