खाडीत मुक्काम करायचा तर



संयोजकांनी मला विषय दिला 'अमेरिकेतलं कॅम्पिंग'. अमेरिका फार मोठी आहे आणि तिथलं बहुतेक कॅम्पिंग मी केलेलं नाही. मी राहते दक्षिण फ्लोरिडात. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहिते, आणि थंडीत सुट्टी जुळली की नवरा, मुलगी आणि मी एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जातो. मी बोलणार आहे ते तेवढ्याचबद्दल.

त्याला कारण आहे आपल्या ग्रुपवर तीन आठवडे चाललेली चर्चा. गुरुजनांसाठी थोडक्यात सांगते. पुढचं संमेलन कोजागरीच्या रात्री शाळेमागच्या खाडीकाठी तंबू ठोकून करायचं, असं घाटतंय. आपल्या एका मित्राची तिथं पडीक खारजमीन आहे. बांध फुटल्यापासून तिच्यात तिवर माजलाय. थोडी तिवरं काढायची, दोन-तीनशे डंपर भराव टाकायचा, वीस तंबू कायमचे उभे करायचे. संमेलनही होईल आणि नंतर मित्राला व्यवसायही होईल. मित्राची नड खरी आहे. त्या जमिनीतून तीस वर्षांत त्याच्या घरात भाताचं एक पोतं आलेलं नाही. म्हणून नुसतं 'पर्यावरण, पर्यावरण' म्हणून मी त्याच्याशी बोलणार नाही.

एव्हरग्लेड्स म्हणजे काय ते आधी सांगते. फ्लोरिडाच्या मधोमध ओकीचोबी नावाचा मोठा तलाव आहे. त्याचं पाणी मुळात दक्षिणेला समुद्राकडे पसरून वाहायचं. नदीसारखं काठात नाही, तर पन्नास-साठ मैल रुंद, कुठे घोटाभर, कुठे कमरेइतकं. उतार मैलाला साधारण दोन इंच. एवढ्या उतारावर आपल्याकडे गवंडी न्हाणीघराची फरशीसुद्धा बसवणार नाही. त्या पाण्यात करवतीसारख्या पात्याचं गवत उगवतं. मार्जरी स्टोनमन डग्लस या लेखिकेनं १९४७ साली पुस्तक लिहून त्याला 'गवताची नदी' म्हटलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथलं राष्ट्रीय उद्यान खुलं झालं. समुद्राजवळ गवत संपतं आणि खारफुटी सुरू होते. तिथं मला एकदम घरच्यासारखं वाटतं. त्यांचा ब्लॅक मॅन्ग्रोव्ह हा आपल्या तिवराचाच भाऊ, तशीच चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं. रेड मॅन्ग्रोव्ह म्हणजे आपल्या कांदळाचा भाऊ, खोडापासून पाय फाकून उभा. संध्याकाळी पाण्यातून उड्या मारतात त्याही बोयीच.

या खारफुटीत कोरडी जमीन जवळजवळ नाहीच. मग मुक्काम करायचा कुठे? याचं उत्तर तिथल्या सेमिनोल आणि मिकोसुकी लोकांनी फार पूर्वी काढलंय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सैन्याशी तीन युद्धं झाली आणि हे लोक दलदलीत ढकलले गेले. तिथं ते सायप्रसच्या लाकडाचे खांब रोवून, जमिनीपासून उंच फलाट करून, वर ताडाच्या जातीच्या झावळ्या शाकारून, बिनभिंतीच्या घरात राहिले. त्या घराला म्हणतात चिकी. आज उद्यानानं मुक्कामासाठी पाण्यात जे लाकडी फलाट बांधलेत, त्यांनाही चिकीच म्हणतात. साधारण दहा फूट बाय बारा फूट, डोक्यावर छप्पर, बाजूला उचलून नेता येईल असा संडास. बस. एका फलाटावर जास्तीत जास्त ६ माणसं. खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून स्वतःच्या कण्यावर उभा राहणारा तंबूच लागतो. शेकोटीला मनाई, छोट्या गॅसवर चहा आणि खिचडी.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते हेल्स बे नावाच्या भागात. जुने लोक म्हणायचे, आत शिरणं नरक आणि बाहेर पडणंही नरक, म्हणून हे नाव. रस्त्याच्या कडेला होडी पाण्यात ढकलायची आणि वल्हवत निघायचं. वाट इतकी अरुंद आणि वळणाची, की दर काही वल्ह्यांनंतर पुढचा पांढरा पाइप शोधावा लागतो. असे शंभराहून जास्त पाइप रोवून वाट दाखवलीय. डोक्यावर कांदळाची कमान, खाली चहाच्या रंगाचं पाणी. हा रंग कुजलेल्या पानांचा. साडेतीन-चार मैलांवर पर्ल बेची चिकी येते. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. पोचल्यावर तिनं विचारलं, "आता उतरायचं कुठे?" उतरायचं नव्हतंच. सकाळपर्यंत त्या फलाटावरच.

गोडं पाणी तिथं मिळत नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, बरोबर न्यावं लागतं. तिघांचं दोन दिवसांचं झालं २३ लिटर. आणि ते कठीण डब्यात. कारण किनाऱ्याच्या मुक्कामांवर रॅकून नावाचा बोक्याएवढा प्राणी असतो, तो गोड्या पाण्यासाठी पातळ प्लास्टिक कुरतडतो. कचरा सगळा परत आणायचा, केळ्याची सालसुद्धा. परवान्यावर लिहिलेलं असतं, कुठल्या रात्री कुठल्या चिकीवर. ती भरली असेल तर दुसरा दिवस बघायचा. ओळखपाळख चालत नाही. (इथं काही जण हसले, ते मी ऐकलं.) रात्री मुलीनं बॅटरी फिरवली तर दूर पाण्यावर दोन लाल ठिपके. मगर. अॅलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही रानात एकत्र राहतात असा हा जगातला एकच भाग. मुलगी घाबरली नाही. तिची आई जरा घाबरली.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळ्यात डासांमुळे तिथं कोणी शहाणा मुक्कामाला जात नाही.

आता त्या दलदलीची दुसरी गोष्ट. तिथं फ्लेमिंगो नावाचं ठिकाण आहे. तिथं फ्लेमिंगो क्वचितच दिसतो. तो बघायला आपल्या ठाण्याच्या खाडीवर जावं. बायकांच्या टोप्यांसाठी तिथले बगळे लाखांनी मारले गेले. पिसांना वजनाला सोन्याच्या तोडीचा भाव होता. पक्ष्यांच्या रक्षणाला १९०२ मध्ये गाय ब्रॅडली नावाचा रखवालदार नेमला. १९०५ च्या जुलैत शिकाऱ्यानं त्याला गोळी घातली. मारणाऱ्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही.

पक्ष्यांनंतर पाण्याची पाळी आली. त्याच सुमारास फ्लोरिडाचा गव्हर्नर ब्रॉवर्ड हा दलदल आटवून शेती करू, या आश्वासनावर निवडून आला. कालवे खोदले. १९२८ मध्ये तामायामी ट्रेल हा हमरस्ता दलदलीतून आडवा गेला. रस्ता म्हणून बांधला, पण पाण्याच्या दृष्टीनं ते धरणच. मूळ दलदलीपैकी जवळजवळ निम्मी आज शेताखाली आणि वस्तीखाली आहे. दक्षिणेला गोडं पाणी कमी पोचू लागलं, तसा उपसागर जास्त खारा झाला आणि १९८७ पासून तिथलं समुद्रगवत मोठ्या प्रमाणावर मेलं. मायामीचं पिण्याचं पाणी ज्या भूजलातून येतं, तेही या दलदलीच्या पाण्यानंच भरतं. मग २००० साली अमेरिकी संसदेनं दुरुस्तीची योजना मंजूर केली. कोट्यवधी डॉलर्स खर्चून तोच रस्ता उचलताहेत. २०१३ मध्ये पहिला एक मैल पुलावर गेला, खालून पाणी मोकळं झालं. आमच्या धंद्यात याला रीवर्क म्हणतात, आणि ते नेहमी मूळ कामापेक्षा महाग पडतं.

तर आपला भराव. भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून गणित नीट मांडते. आपल्या कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. पौर्णिमेला येते साधारण सव्वाअकरा. म्हणजे कोजागरीला आपण मसाला दूध ओतत असू, नेमकी तेव्हा पूर्ण भरती, तीही उधाणाची. त्यातून आश्विनातली उधाणं मोठी असतात. आज ते पाणी त्या पडीक खाजणात मावतं. तीनशे डंपर माती टाकली तर ते कुठे जाईल? बांधाच्या पलीकडे कोळीवाड्याची खालची आळी आहे. आपल्या वर्गातल्या चौघींची माहेरं तिथं आहेत. त्यांतल्या दोघी ग्रुपवर गप्प आहेत, ते मला दिसतंय.

कायद्याचंही सांगते. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्येच राज्यभर तिवरतोडीवर बंदी घातली, आणि तिवरांपासून ५० मीटरच्या आत भराव-बांधकाम नाही असं ठरवलं. सातबारा स्वतःच्या नावावर असला तरी. पुढे हॉटेलसाठी कर्ज काढून नोटीस आली, तर ती आपल्या मित्राच्या दारावर लागेल, ग्रुपच्या नाही.

माझं म्हणणं असं. तंबू शाळेच्या मैदानावर ठोकू. मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय. खाडी बघायची ती होडीतून, एका होडीत सहा, भरती चढताना आत आणि ओसरायच्या आत परत. होड्या आणि तांडेल कोळीवाड्यातले, आणि पैसे रोख, आपुलकीचा दर नाही. मित्राच्या जमिनीवर तिवराला हात न लावता काय होईल, यासाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे जाऊन विचारू. खेकडापालन, कालवं यांच्या योजना त्यांच्याकडे असतात. डिसेंबरात मी परत जाण्याआधी त्याच्याबरोबर जायला मी तयार आहे. फॉर्म भरणं हे माझं पोटापाण्याचंच काम आहे. तंबूंसाठी म्हणून जमवायचे ठरलेले पैसे त्याला पहिल्या वर्षाला बिनव्याजी द्यावेत, असंही मी सुचवते. यावर आज हात वर करून मत घ्यावं, ग्रुपवर नको.

होडीत यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावं. प्रत्येकी दोन लिटर पाणी आपलं आपण आणायचं, कठीण बाटलीत. रॅकून नाहीत, पण आपल्या शाळेतली माकडं अजून आहेत असं सर म्हणाले.